निळा कठडा

"त्यानं मला माफ केलंय, चाचा. मग मला झोप का लागत नाही?"

हमजाचाचा दर्ग्याच्या पायरीवर बसून कंदिलाची काच पुसत होते. खाऱ्या वाऱ्याने काच रोज धुरकट व्हायची, ते रोज पुसायचे. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणी माफ केलं?"

"मोतीरामनं. अजून कोण करणार?"

चाचांनी काच उन्हाकडे धरून बघितली, पुन्हा पुसायला घेतली.

हमजाचाचांनी सारी उमर कातळबंदरचं लोखंड रंगवलं होतं. होड्यांचे नांगर, धक्क्याच्या साखळ्या, शाळेचं फाटक. समुद्राकाठी लोखंड जगवणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला जगवण्यासारखं, आज बरं दिसलं म्हणून उद्याचा भरवसा नाही. हात थकले तेव्हा त्यांनी ब्रश ठेवले आणि टेकडीवरच्या दर्ग्याची राखण पत्करली.

विश्राम त्यांचाच चेला. त्याच्यासारखा हात चाचांनी दुसऱ्या कुणाचा पाहिला नव्हता. पण एके दिवशी, चारचौघांत, तो म्हणाला होता, "चाचा, तुम्ही एक खांब खरवडता तोवर लोक अख्खा पूल रंगवून मोकळे होतात. जुनी झाली तुमची रीत."

तेव्हापासून तो चाचांशी बोलेनासा झाला, स्वतःची कामं घेऊ लागला. बंदराच्या जेटीचा कठडा हे त्याचं पहिलं मोठं काम. नारळी पौर्णिमेला गाव जेटीवर जमला तेव्हा कठडा असा निळा झळकत होता, की लोक हात लावून बघत होते.

पुढच्या वर्षी मोतीराम त्या कठड्याला टेकला.

मोतीराम विश्रामचा लहानपणापासूनचा सोबती, होडीवरचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या. कठडा खांबासकट बाहेर कलंडला. ओहोटी होती. खाली पाणी नव्हतं, खडक होते. मोतीराम वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच.

गाव म्हणालं, खाऱ्या वाऱ्यापुढे कुणाचं काय चालतं! अंथरुणावर पडलेला मोतीरामही तेच म्हणाला. "तुझा काय दोष रे, विश्राम. वाऱ्यानं खाल्लं ते."

विश्राम मान खाली घालून ऐकत राहिला होता.

त्यानंतर त्याने मित्राला कधी अंतर दिलं नाही. ताजी मासळी घेऊन जायचा, चाकांची खुर्ची आणून दिली, पावसाळ्याआधी घर शाकारून दिलं. मोतीराम त्याला बघून हसायचा. आणि तो घरी येऊन आढ्याकडे बघत पडायचा.

"मग माझ्याकडे काय मागायला आलास?" चाचांनी विचारलं.

"मागायला नाही, द्यायला आलोय. दर्ग्याचा हा सगळा कठडा रंगवून देतो. साहित्य माझं, मेहनत माझी. तेवढंच मनाला बरं वाटेल."

"एक उभा गज कर."

"एकच?"

"एकच."

विश्रामने तारेचा ब्रश काढला. गंजाचे पापुद्रे उडाले, मग तांबडी भुकटी गळाली. त्यावर पॉलिश पेपर. ऊन चढलं, पाठीवर सदरा चिकटला. शेवटी गज चांदीसारखा चमकायला लागला.

"बघा," तो म्हणाला. आवाजात जुनी ऐट होती.

चाचा उठले. गजाजवळ वाकले. आणि त्यांनी जीभ काढून लोखंडाला लावली.

"हे काय, चाचा!"

"खारट आहे."

"गंजाचा कण तरी दाखवा मला."

"गंज आहे असं कुठे म्हणालो?"

विश्राम टेकडीखालच्या विहिरीवर गेला. गोड्या पाण्याची कळशी घेऊन वर आला. गज धुतला, फडक्याने कोरडा केला. प्रायमरचा डबा उघडला.

चाचांनी पुन्हा जीभ लावली. बाजूला थुंकले.

"खारट."

"लोखंडच ते! त्याला काहीतरी चव असणारच!"

"गंजानं खड्डे पाडलेत. मीठ तिथे बसलंय. तू वरचं चमकवलंस."

"मग किती वेळा धुवू?"

विश्राम रिकामी कळशी घेऊन तसाच उभा राहिला. खाली जेटी दिसत होती. पडलेल्या भागात आता सिमेंटची भिंत होती.

"मोतीरामनं तुला माफ केलं," चाचा म्हणाले. "कशाबद्दल?"

"कठडा पडला त्याबद्दल."

"कठडा का पडला?"

"खारा वारा, चाचा. तुम्हाला काय सांगायचं..."

"मला सांग."

विश्रामने कळशी खाली ठेवली.

"एक खांब तळाशी सडला होता," तो म्हणाला. "बोट आत जायचं, एवढा. तेवढा भाग कापून नवा तुकडा जोडायला हवा होता. पण सण तोंडावर आला होता. काम वेळेत नाही झालं तर लोक म्हणाले असते, चाचांचा चेला चाचांसारखाच... मी भोकात लांबीचा लगदा भरला. घासून सारखा केला. वरून निळा मारला."

"हं."

"रंगाचा हात असा बसला होता, चाचा, की बाहेरून कुणालाही कळलं नसतं."

"मला कळलं होतं."

वारा पडला होता. पायरीवर कंदिलाची काच ऊन घेत पडली होती.

"सणाच्या सकाळी मी जेटीवर गेलो होतो," चाचा म्हणाले. "तुझं काम बघायला. काम देखणं होतं. खांबाखांबावर टिचकी मारत गेलो. बाकीचे खणखणले, एक खांब वाजला नाही."

विश्राम त्यांच्याकडे बघत राहिला.

"मग... बोलला का नाहीत?"

चाचांनी पायरीवरची काच उचलली, पुन्हा ठेवली.

"तुझं नाव खराब व्हावं असं वाटलं. थोडंसं. वर्षा-दोन वर्षांत रंगाला फोड येतील, लोक हसतील, तू परत माझ्याकडे येशील..." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "माणसाच्या जिवावर बेतेल असं नव्हतं वाटलं."

"तुम्ही तर दर महिन्याला त्याच्याकडे जाता. उशाशी बसून दुवा मागता."

"मागतो."

"आणि काही बोलला नाहीत..."

"तूही मासळी नेतोस."

चाचांनी भिंतीला टेकवलेली काठी घेतली.

"चल."

मोतीरामचं घर बंदराच्या वाटेवरच होतं. त्याची खाट खिडकीपाशी होती. तिथून होड्यांच्या डोलकाठ्या दिसत. दोघांना एकदम आलेलं बघून त्याचा चेहरा खुलला.

"आज गुरू आणि चेला एकत्र? काय, अबोला सुटला वाटतं! सुभद्रा, चहा ठेव गं."

"चहा नको, वहिनी," विश्राम म्हणाला.

त्याला बस म्हटलं तरी तो बसला नाही. उभ्या उभ्या त्याने सांगितलं. सडलेला खांब, लांबी, निळा रंग. शब्द कमीच लागले. वाटेत त्याने मनाशी पुष्कळ जुळवले होते, त्यातला एकही कामी आला नाही.

मग चाचा म्हणाले, "मोतीराम, मला ते ठाऊक होतं. तू पडायच्या आधीपासून ठाऊक होतं. मी बोललो नाही."

मोतीरामच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. ते कुठे ठेवावं हे त्याला कळत नसावं. हळूहळू ते गेलं.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात सुभद्रा उभी होती. तिच्या हातात चहाचं पातेलं होतं.

"म्हणजे, खांब आधीच गेलेला होता?" तिने विचारलं.

"हो, वहिनी."

"कुणीही टेकलं असतं तरी?"

"कुणीही टेकलं असतं तरी."

ती तिथेच खाली बसली. पातेलं मांडीवर.

"त्या दिवशी हे डबा विसरले होते," ती म्हणाली. कुणाशी बोलत होती कळत नव्हतं. "मी मागून धावत गेले. हाक मारली. माझी हाक ऐकून हे वळले आणि कठड्याला टेकून उभे राहिले... मला वाटायचं, नसती मारली मी हाक तर. राहिला असता डबा एक दिवस. उपाशी राहिले असते फार तर."

"मी तुला कधी काही बोललो का त्यावरून?" मोतीराम म्हणाला.

"नाही बोललात."

जरा वेळाने ती म्हणाली, "कधीच नाही बोललात."

मोतीरामने डोळे मिटले. मग त्याने मान भिंतीकडे वळवली. कूस बदलायला त्याला दुसऱ्याचा हात लागायचा.

"जा तुम्ही दोघं."

"मोती..."

"जा, विश्राम. मासळी घेऊन येऊ नकोस यापुढं." थोडं थांबून तो म्हणाला, "चाचा, तुम्हीही दुवा आता दर्ग्यातच मागा."

चाचांनी मान लववली. दोघे बाहेर आले. पोचवायला कुणी आलं नाही. मागे कडी लागल्याचा आवाज आला.

अंगणात जाळं वाळत घातलं होतं. विश्रामचे पाय तिथेच अडले. आत सुभद्रा रडत होती. इतक्या वर्षांत ती रडल्याचं त्याने कधी ऐकलं नव्हतं. मग मोतीरामचा आवाज आला, अगदी हळू.

"सुभद्रा... इकडे ये. अशी जवळ ये."

चाचांनी त्याच्या दंडाला धरलं आणि वाटेला लावलं.

बंदर मागे पडलं. टेकडीच्या चढाला लागल्यावर विश्रामला एकदम भडभडून आलं. तो वाटेवरच्या दगडावर बसला आणि लहान मुलासारखा सदऱ्याने डोळे पुसू लागला.

"मला बघून हसायचा हो तो, चाचा. एवढं होऊनही हसायचा. जगात एक ते घर होतं, जिथे मी केव्हाही जावं. त्याचं दार मला कायम उघडं असायचं... आज मी माझ्या हातानं ते बंद करून घेतलं."

चाचा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. त्यांना धाप लागली होती. खाली मोतीरामच्या घराची कौलं दिसत होती, तिकडे ते कितीतरी वेळ बघत राहिले...

"उघडं होतं, तेव्हा आपण आत कधी गेलो होतो, विश्राम?"