गुणाजीचा बिल्ला आणि राजवाड्यातली साखर

गुणाजी पाथरवटाच्या दंडावरचा पितळी बिल्ला शिकारखान्याच्या कारभाऱ्याने भर चावडीत काढून घेतला, आणि तोही ऐन ज्वारी हुरड्याला आली असताना! बिल्ला नाही म्हणजे शिकारीची परवानगी नाही, आणि परवानगी नाही म्हणजे रानडुकरांना आमंत्रणच. एका रात्रीत पिकाचे पट्टेच्या पट्टे लोळवून जाणारी ती जात!

गुन्हा काय? तर गुणाजीने दिवाळीची आंघोळ परराज्यात केली!

सोनवलच्या रुद्रसेन राजांना नियम करायची भारी हौस. त्यांची सासुरवाडी शेजारच्या करंजगडची. तिकडचे मेहुणे उठसूट सीमा ओलांडून यायचे आणि सोनवलची हरणं टिपून न्यायचे. मेहुण्यांना तोंडावर नाही कसं म्हणणार? म्हणून राजांनी फर्मानच काढलं. शिकारीचा बिल्ला फक्त आपल्या रयतेला, आणि ज्याचं दिवाळीचं अभ्यंगस्नान सोनवलच्या हद्दीत झालं तीच आपली रयत! दरबार ‘वाहवा’ म्हणाला. दरबाराला दुसरं काय येतं?

गुणाजी बिचारा करंजगडला नदीचा घाट बांधायला गेला होता. काम लांबलं आणि दिवाळी तिकडेच झाली. आता तो भाला कोपऱ्यात टेकवून डोक्याला हात लावून बसला. त्याची लेक ठकू मात्र बसणारी नव्हती.

“बा, ऊठ. राजालाच इचारू!”

“अगं, राजा लई तापलाय म्हणत्यात. राणीसाहेब दिवाळीआधीच पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्यात, तवापास्नं त्येचं कशातच मन लागंना.”

“माहेरी?” ठकूचे डोळे चमकले. “मग तर आजच जाऊ!”

दरबारात राजे खरोखरच तापलेले होते.

“महाराज,” गुणाजी हात जोडून म्हणाला, “घर हितं, शेत हितं, देव हितं. करंजगडवाले मला सोनवलचा म्हणत्यात, तुम्ही करंजगडचा म्हणताय. मग मी ऱ्हायलो कुठला?”

“दिवाळीची आंघोळ कुठे केलीस?”

“करंजगडात, महाराज. पर बायकोनं हितनंच उटणं बांधून दिलं हुतं!”

दरबार हसला. राजे हसले नाहीत.

“उटणं इथलं, पण पाणी तिथलं! तू परका.” एवढ्यात त्यांची नजर ठकूकडे गेली. “ही कोण? हिचे ओठ का हलताहेत?”

“मी ह्येंची लेक ठकू. म्हनलं, दिवाळीला भाइर असलेलं माणूसबी आपलं असू शकतंय की!”

“असं? मग दाखव! करंजगडात दिवाळीची आंघोळ केलेलं आणि तरी सोनवलचंच असलेलं एक माणूस मला दाखव. आम्ही स्वतः कबूल करू असं! नाही दाखवलंस, तर तुझ्या बापाचा भाला जप्त आणि घराला कुलूप!”

गुणाजी लेकीचा हात धरून तिला मागे ओढू लागला. ठकू मात्र म्हणाली, “दावते. पर आज न्हाई. ज्या दिशी राजवाड्यात साखर वाटतील, त्या दिशी दावते.”

राजांना वाटलं, पोरीला साखरेची हाव सुटली. “दिली मुदत!”

मग काय, रोज रात्री गुणाजी मचाणावर बसून थाळ्या बडवायचा. डुकरांना थोड्या दिवसांत त्या आवाजाची सवय झाली. ती निवांत कणसं खायची आणि गुणाजी लेकीवर करवादायचा, “तुझ्या जिभंपायी घर जानार बघ!” ठकूलाही आतून धाकधूक होतीच. साखरेला उशीर झाला, तर ज्वारी काही थांबणार नव्हती.

आणि एका सकाळी नगारा वाजला. राणीसाहेबांना मुलगा झाला! राजे आनंदाने वेडे व्हायचे बाकी होते. ते स्वतःच्या हाताने साखर वाटत होते. ठकूची पाळी आली तशी तिने दोन्ही हात मागे घेतले.

“साखर नको, महाराज. परक्या राज्याच्या पोराची साखर आमी कशी खावी?”

रांगेतले लोक घाबरून दोन पावलं मागे सरले.

“परक्या राज्याचा?” राजे गरजले. “तो आमचा युवराज आहे! सोनवलचा वारस!”

“आन् राणीसाहेबांची दिवाळीची आंघोळ कुठं झाली?”

राजांचा हात साखरेच्या ताटातच राहिला. कारभारी घाईघाईने पुढे झाला. “अगं ए, बायकांना हा नियम लागू नाही!”

“बरं झालं! मग राणीसाहेब आपल्या. पर हे बाळ तर बाप्यामाणूस झालं! त्येची आंघोळ पोटात असताना आईसंगंच झाली न्हवं? म्हंजी युवराजांना मोठेपणी ससाबी मारता यायचा न्हाई!”

“पण राणी परत येणार आहे!” राजे ओरडले. “माहेरी गेली म्हणून काय ती करंजगडची झाली? ती सोनवलचीच!”

“कबूल केलंसा, महाराज!” ठकूने टाळीच वाजवली. “हे घ्या तुमचं माणूस! दाखवलं का न्हाई?”

राजे म्हणाले, “हुशार आहेस! पण नियम मोडला तर मेहुणे उद्याच बिल्ला मागायला येतील, त्याचं काय?”

“त्येंना एकच इचारा, महाराज. शिकार झाल्यावर घरी कुठं जाणार? त्ये करंजगडला जात्यात, तर तिकडचे. राणीसाहेब हितं येणार, त्या हितल्या. आन् माझा बा घाट बांधून झाल्यावर कुठं आला?”

राजे इतके हसले, की ताट कलंडून साखर कारभाऱ्याच्या पगडीवर सांडली! त्यांनी कारभाऱ्याकडून बिल्ला मागून घेतला आणि गुणाजीच्या दंडावर स्वतः बांधला. डुकरांनी खाल्लेल्या ज्वारीची भरपाई राजकोठारातून द्यायला सांगितली. मग ठकूकडे वळून म्हणाले, “आणि तुला काय हवं, पोरी?”

ठकूने मघाशी मागे घेतलेले दोन्ही हात पुढे केले आणि चांगली मोठी ओंजळ केली.

“आता युवराज आपलाच हाय न्हवं? मग द्या की साखर!”