गोंदणशिळा

साजवडच्या डोंगरावरची गोंदणशिळा म्हणजे बायकांनी हौसेने नटण्याची जागा, असे समजून मी आले होते. देशोदेशींच्या सौंदर्यकल्पनांचा परदेशात अभ्यास करताना या शिळेवर एक भारावलेले प्रकरणही लिहिले होते, ती न पाहताच. पाहिली तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना जमिनीत खोलगट खळगे दिसले.

"हे कसले?"

"हात धरणाऱ्या बायांच्या गुडघ्यांचे," केरूआबा म्हणाले. आल्यागेल्याला शिळेची कथा तेच सांगतात.

पूर्वी म्हणे खालच्या गढीचा सरदार देखण्या मुली उचलून नेई. त्याची नजर सगुणेवर गेली. तिने सटूआईला नवस केला, माझे रूप घे, पण गावच्या लेकी राख. मग ती आपण होऊन या शिळेवर बसली आणि दोन्ही गाल गोंदवून घेतले. रक्ताचा थेंब पडला नाही, तोंडातून हूं निघाले नाही. असे सांगतात की, तिला पाहताच सरदाराच्या घोड्यांनी माना फिरवल्या. तेव्हापासून गावची प्रत्येक मुलगी लग्नाआधी गाल गोंदवते.

"आपण होऊन बसली, तर हात कशाला धरायचे, आबा?"

"रीत हाय."

"सगुणेचे कुणी धरले होते?"

आबांनी माझ्याकडे पाहिले नाही. "ऊन चढलं. खाली चला."

उतरताना त्यांची नात वैजू माझ्याजवळ रेंगाळली. तिचे लग्न ठरले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला शिळेवर बसवायचे होते.

"ताई, तुमच्या तिकडं बाया पैसे मोजून गोंदवतात म्हणं?"

"हो."

"मग मला फुकट मिळतंय, तर नको का वाटतंय?" ती हसली, पण तळवा गालावर होता. "आईला बोलले. ती म्हणाली, सगळ्याच नको म्हणतात, म्हणून तर हात धरायचे."

रात्रभर मला सगुणेच्या नवसावर विश्वास ठेवता येईना. तो तिच्या तोंडी कुणी घातला असेल?

आजही साजवडला मुलगी शिळेवर बसली की दोघीजणी तिचे हात धरतात. सकाळी वैजूचा डावा हात तिच्या आईने धरला. उजवा धरायचा मान पाहुणी म्हणून मला दिला. गोंदणारीने सुई काजळीत बुडवली होती. मी गुडघे टेकले, पण हात धरला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "वैजू, तुला गोंदवायचं आहे का?"