मेंदीचे नख

एकदा एका वैद्यांच्या शिष्याने डाव्या करंगळीचे नख कापणे सोडून दिले.

वैद्य वृद्ध होते. त्यांचे हात थरथरत, म्हणून गावातल्या जखमा धुऊन बांधण्याचे काम शिष्याकडेच होते. नखाखालचा, डोळ्यांना न दिसणारा मळ जखमेत उतरला की जखम चिघळते, हा गुरूंचा पहिला पाठ त्याने स्वतः कितीजणांना शिकवला होता. पण नागपंचमीच्या आदल्या दिवशी त्याच्या लेकीने वाटीत उरलेली मेंदी त्या नखावर थापली होती. श्रावण सरण्याआधीच ती तापाने गेली. रंग तेवढा राहिला.

वैद्य रागावले नाहीत. जखमांचे काम त्यांनी पुन्हा स्वतःकडे घेतले. मात्र दर पौर्णिमेला ते शिष्याची करंगळी हातात घेत, नखाच्या मुळापासून मेंदीच्या खालच्या कडेपर्यंत एकच दोरा धरत आणि तिथे गाठ मारत. कशासाठी, ते सांगत नसत.

मार्गशीर्षात एका कुंभारणीची नात निखाऱ्यावर पाय पडून भाजली. वैद्यांचा हात हलला, जखमेला लागला. पोर किंचाळली. आजी म्हणाली, “बुवा, तुमचा हात ठरत नाही, आणि ह्यांना तर घारीची नखी फुटलीये. आम्ही जावं कुणाकडे?”

शिष्याने मान खाली घातली. वैद्यांनी चार गाठींचा तो दोरा त्याच्या तळहातावर ठेवला.

“ही भाद्रपदातली गाठ. तू जेवत नव्हतास. पहिलं अंतर दिवसांच्या मानानं जरा कमी भरलं. शरीरालाही ते जड गेलं. पुढच्या गाठी बघ. सारख्या अंतरावर आहेत. तू झोपत नव्हतास, कुणाशी बोलत नव्हतास, तरी आत, कातडीखाली, नवं नख घडत होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या दुःखानं त्याला थांबवलं नाही, आणि त्यानंही तुझं दुःख कधी पुसलं नाही. रंगलेलं नख आता निर्जीव आहे. जिवंत आहे ते मुळाशी. आणि मेंदी लावताना तिनं घट्ट धरलं होतं, ते हे बोट.”

शिष्य दोऱ्यावरून बोट फिरवत राहिला. आपण उठावे की नाही हेही ज्या दिवसांत त्याला कळत नव्हते, त्या दिवसांतही त्याच्याच देहात कुणीतरी एक दिवसही न चुकता कामावर येत होते.

“दुखेल, गुरुजी.”

“दुखेल. नखाला नाही.”

त्याने नख कापले, दोऱ्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवले. रिठ्याच्या पाण्याने कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. मग उकळून निववलेल्या पाण्याने मुलीचा पाय धुऊन त्याने स्वच्छ पट्टी बांधली. त्याचा हात एकदाही हलला नाही.

काम झाल्यावर मुलीने उठण्यासाठी आधाराला त्याची करंगळी धरली. ती अंगणापलीकडे, आजीच्या गाडीपर्यंत लंगडत गेली. तोवर त्याने बोट सोडवून घेतले नाही.