कासवीण आणि सुतारपक्ष्याच्या साली

फार जुन्या काळी एका रानात कुणाला औषधी मुळी सापडली, की सुतारपक्षी ती माहिती तपासून सालीवर कोरायचा आणि आपल्या उंच सावरीच्या झाडावर जपून ठेवायचा. खाली वडाच्या ढोलीत म्हातारी कासवीण सगळ्यांसाठी साली सांभाळायची. पण मुळी शोधणाऱ्यांनी आठवेल तसं खरडलेल्या सालीच तिच्याकडे असायच्या.

एकदा साळिंदराचं पिल्लू तापानं फणफणलं. कासविणीनं तसल्याच एका सालीवरून मुळी सांगितली, ती चुकीची निघाली. पिल्लू कसंबसं वाचलं, पण कासविणीला घास गोड लागेना. ती सावरीखाली गेली.

"सुतारदादा, नवी साल कोरलीस की तशीच एक माझ्या ढोलीत आणून टाकत जा."

"मग माझ्या झाडावर कोण येईल?"

"पंखवाले येतीलच. बाकीच्यांना आजही वर चढता येत नाही. सालीवर तुझी खूण मात्र राहू दे."

सुतारपक्षी आपल्या साली चाळू लागला. मग त्यानं तापाच्या मुळीची साल तिच्यापुढे टाकली. पुढे नवी साल कोरली, की तशीच दुसरी कोरून तो आपणहून ढोलीत पोचवू लागला.

काही महिन्यांनी ती खूण पाहून, विचारत विचारत साळिंदर सावरीखाली आलं.

"खोकल्यावर एक पाला सापडलाय मला. तपासून कोरशील?"

"कोरतो की," सुतारपक्षी म्हणाला. "पाला आणशील तेव्हा दोन साली घेऊन ये. एक माझ्या झाडाला, एक ढोलीला."