सोनबा आणि वर आलेले गुरुजी

एका गावात एक भोळा बाप राहायचा. नाव सोनबा. सांगाल तेवढंच करायचा, आणि एकदा सांगितलेलं जन्मात विसरायचा नाही. हेच तर दुखणं होतं.

त्याची पोर अनशी मात्र तल्लख. शाळेतले गुरुजी शनिवारी घरोघरी येऊन मुलांचे चुलीपुढचे प्रयोग बघणार होते. ज्याचा प्रयोग सरस, त्याला जाड काचेचं भिंग. अनशीला ते हवंच होतं. मुंगीला भुवया असतात का, ते तिला बघायचं होतं; तसं तिने गुरुजींना सांगूनही ठेवलं होतं.

शनिवारी सकाळीच ती म्हणाली, "आबा, आज कशाला हात लावायचा नाही. नुसतं बघायचं."

"बघतो की!"

चुलीवर दूध होतं. दूध वर आलं. सोनबा बघत राहिला. दूध उतू गेलं. मांजर आली, चाटूनपुसून गेली. सोनबाने तिलाही नीट बघितलं.

"अहो, डोळे आहेत का भोकं?" बायको ठकूबाई कडाडली. "वर आलं की गार पाण्याचा हबका मारायचा!"

"मग आधी नाही का सांगायचं?"

इकडे अनशीने लिंबाच्या रसात खायचा सोडा टाकला. फसफस करत फेस वर आला. सोनबाने भरला तांब्या ओतला. फेस गेला, सोडा गेला, घरातलं शेवटचं लिंबूही गेलं.

"आबा!" अनशी रडकुंडीला आली. "वर आलं की टाळ्या वाजवायच्या असतात! आता एकच प्रयोग उरला माझा."

"बरं. टाळ्या."

ठकूबाईने डाळ शिजत घातली आणि पाण्याला गेली. डाळ वर आली. सोनबाने टाळ्या वाजवल्या. डाळीला चेव आला. ती सगळी चुलीत उतरली आणि चूल विझली.

पाणी घेऊन परतलेल्या ठकूबाईने कपाळावर हात मारला. "अहो, वर आलं की खालचं ओढून घ्यायचं!" म्हणजे जाळ हो. शहाण्याला कळलं असतं.

इतक्यात बाकीची घरं उरकून गुरुजी आले. स्टुलावर टेकले. अनशीने पाण्यात अंडं सोडलं, ते तळाला गेलं. मग ती चमच्याचमच्याने मीठ विरघळवू लागली. मूठभर मीठ गेलं आणि अंडं डुलत डुलत वर आलं.

"वर आलं! वर आलं!" म्हणत गुरुजी भिंग हातात घेऊन आनंदाने स्टुलावरून उठले.

सोनबाने बघितलं. अंडंही वर आलं, गुरुजीही वर आले. मोठं ते आधी, असा त्याने विचार केला. आता हबका, टाळ्या, का ओढायचं? सकाळपासून तीनदा चुकलं होतं. या खेपेला चूक नको, म्हणून त्याने तिन्ही केलं. तांब्याभर गार पाणी मारलं, कडकडून टाळ्या वाजवल्या आणि खालचं स्टूल ओढून घेतलं.

गुरुजी बसायला गेले ते थेट जमिनीवर.

अनशीने डोळे मिटून घेतले. गेलं भिंग!

गुरुजींनी मिशीतलं पाणी झटकलं. भिंग शाबूत होतं. ते अनशीच्या हातात देत म्हणाले, "घे पोरी, तुझंच आहे. पण मुंगी राहू दे. आधी बापाच्या डोक्यात बघ. काही सापडलं तर शाळेत कळव."

सोनबाने लगेच पुढे होऊन डोकं वाकवलं.

"बघ गं बाई. पण सापडलं तर हात लावायचा नाही. नुसतं बघायचं."