उतारावरची ताराघोडी

बालमित्रांनो, आधी माफी मागतो. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकले असेल तर बाईंकडून दुरुस्त करून घ्या. मला मोठे शब्दही येत नाहीत. जे येतात त्यांत ही गोष्ट सांगतो.

डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक साळिंदर राहत असे. ते फार लाजाळू होते, पण दातांनी लाकूड कोरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याच जंगलात एक म्हातारा पोपट होता. तो हजार वर्षांनंतरच्या जगाच्या गोष्टी सांगे. त्या गोष्टींतला वीर दोन चाकांच्या, लांब नाकाच्या एका गाडीवर बसून या ताऱ्यावरून त्या ताऱ्यावर जाई. तिचे नाव ताराघोडी. गोष्ट ऐकून सगळे घरी जात आणि विसरत. साळिंदर मात्र विसरले नाही. त्याने उन्हाळाभर खपून शिवणीच्या लाकडाची हुबेहूब ताराघोडी केली. चाकांना वेलींचे वेढे दिले, आसाला करंजाचे तेल लावले, बसायला शेवाळाची गादी केली. उतारावर ती आपोआप पळे, चढावर पाय मारावे लागत. पण या नादात पावसाळ्यासाठी कंद साठवायचे राहून गेले. आता ताराघोडी विकून कंद मिळाले तरच पावसाळा निभणार होता.

त्या जंगलात भाव करण्याची एक रीत होती. विकणारा आणि घेणारा एकमेकांशी बोलत नसत. मधला दलाल सागाच्या पानाखाली हात घालून बोटे दाबी, आणि तेवढ्यावरून भाव ठरे. पानाखालचा भाव तोंडाने उच्चारला तर वस्तूला दृष्ट लागते, असे सगळे मानत. साळिंदराला ही रीत फार आवडे, कारण तिच्यात बोलावे लागत नसे. दलाली कोल्हा करी.

"दादा, गाडी छान आहे," कोल्हा म्हणाला, "पण शेवटी नक्कल. खरी ताराघोडी उडते. तुझी उडते का?"

"नाही," साळिंदर खाली बघत म्हणाले.

"मग नकलेला काय भाव येणार?" असे म्हणून कोल्ह्याने पानाखाली साळिंदराची दोन बोटे दाबली. दोन टोपल्या कंद. एवढ्यात पावसाळा निभणार नाही हे साळिंदराला कळत होते, पण नाही म्हणायला तोंड उघडावे लागले असते. त्याने मान हलवली.

तिथून कोल्हा रानडुकराकडे गेला. रानडुकराचे कंदांचे पेव जंगलात सगळ्यांत मोठे होते. "पाटील," कोल्हा म्हणाला, "पोपटाच्या गोष्टीतली ताराघोडी विकायला आहे. नुसती तशी दिसणारी नव्हे हं, तीच!"

रानडुक्कर उकरायचे थांबले. "कोल्हेराव, मी जन्मभर मान खाली घालून माती उकरली. एकदा तरी मान वर करून वाऱ्यातून जावं असं फार वाटतं. बोला, काय भाव?"

कोल्ह्याने पानाखाली त्याच्या खुरावर टिचक्या मारायला सुरुवात केली. त्या थांबेचनात. वीस टोपल्या! म्हणजे पेवातले सगळेच. रानडुकराने डोळे मिटले आणि हो म्हटले.

ठरल्याप्रमाणे कोल्ह्याने कंद आपल्या गुहेत नेले आणि त्यातल्या दोन टोपल्या साळिंदराच्या दारात ठेवल्या. मग रानडुक्कर गाडी न्यायला आले. बरोबर डुकरीण होती आणि पिल्लेही होती. कोल्हा मागून येत होता.

"बघा, बघा पोरांनो," डुकरीण म्हणाली, "तुमच्या बाबांची घोडी. आता पावसाळ्यात भूक लागली की हिची चाकं चाटा."

"अगं, चारचौघांत काय हे," रानडुक्कर पुटपुटले. मग साळिंदराला म्हणाले, "दादा, हिला ताऱ्यांकडे वळवायची कशी तेवढं सांगा."

साळिंदर गोंधळले. "ही ताऱ्यांकडे जात नाही. उतारावरून ओढ्यापर्यंत जाते. पडलात तर खरचटेल."

"जात नाही? मग माझं सगळं पेव..." रानडुकराने जीभ चावली. भाव उच्चारायचा नसतो.

पण 'सगळं पेव' हे शब्द साळिंदराने ऐकले होते. त्याने पिल्लांकडे पाहिले, मग आपल्या दारातल्या दोन टोपल्यांकडे पाहिले. त्याच्या पाठीवरचे काटे लाजेने थरथरू लागले. आपण आता गप्प बसलो तर ही पिल्ले उपाशी राहतील आणि आपणही उपाशी राहू, हे त्याला कळले. त्याने सगळा धीर एकवटला.

"मला दोन टोपल्या मिळाल्या," साळिंदर मोठ्याने म्हणाले.

आता दृष्ट लागणार म्हणून सगळ्यांनी ताराघोडीकडे पाहिले. ती होती तशीच उभी होती.

"दोन?" डुकरीण कडाडली. "आमच्या वीस गेल्या! कोल्हेराव, तुम्ही तर कंद खातही नाही!"

"खात नाही," कोल्हा दोन पावले मागे सरकत म्हणाला, "पण साठलेले बघायला बरे वाटतात."

"भावजी," डुकरीण साळिंदराला म्हणाली, "आता तुम्हीच तोंडाने सांगा. किती घ्यायचे?"

"वीस नकोत. मी लाकूड कोरलंय, तारे नाही कोरले," साळिंदर म्हणाले. "तीन द्या. नक्कलच आहे."

"तोंड उघडा बघू." डुकरिणीने वाकून त्याचे दात पाहिले. "झिजून निम्मे झालेत! ते वाढेपर्यंत मऊ कंद लागतील. शिवाय उन्हाळाभर तुम्ही दुसरं काही केलं नाही, त्याचे कोण देणार? आणि चाक मोडलं तर आम्ही पुन्हा तुमच्याकडेच येणार. तुम्ही उपाशी मेलात तर आमची घोडी दुरुस्त कोण करील? तीनात होत नाही. नऊ घ्या. अकरा आमच्या पेवात परत. पोरांचा पावसाळा निघेल."

"अगं, भाव कमी करायचा असतो, तू वाढवतेस!" रानडुक्कर म्हणाले.

"घासाघीस फुगवलेल्या भावाची करावी," डुकरीण म्हणाली. "यांचा भाव दबलेला आहे."

सगळ्यांनी कोल्ह्याच्या गुहेतून कंद परत आणले आणि साळिंदराने नऊ टोपल्या घेतल्या. त्यातली एक त्याने कोल्ह्यापुढे सरकवली. "तुम्ही दोनदा डोंगर चढलात. त्या पायपिटीचं." कोल्ह्याने एक कंद चावून पाहिला, तोंड वाकडे केले आणि टोपली उचलून गेला. गोष्ट मूळ पोपटाची, म्हणून साळिंदराने त्यालाही काय हवे ते विचारले. "मला पुढे बसवून एक फेरी मारा," पोपट म्हणाला.

मग रानडुक्कर गादीवर बसले. ताराघोडी उतारावरून सुटली. पोपट तिच्या नाकाडावर बसून ओरडत होता आणि रानडुक्कर मान वर करून वाऱ्यातून जात होते. खाली ओढ्यात धपकन आवाज झाला. सगळे धावले. रानडुक्कर चिखलात उताणे पडले होते आणि खो खो हसत होते. "अहो दादा," ते म्हणाले, "या झाडांना शेंडे असतात हे मला माहीतच नव्हतं!"

तात्पर्य : जो भाव देणारा आणि घेणारा दोघांसमोर मोठ्याने सांगता येतो, तोच रास्त भाव. त्यात दुसऱ्याची हौस लुटू नये आणि आपले कष्टही फुकट घालवू नयेत.

ही गोष्ट मी आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या मुलांसाठी लिहिली. मी वेल्डिंगच्या दुकानात काम करतो. सिनेमातल्यासारखी, पुढच्या काळातली वाटावी अशी एक मोटरसायकल मी जुन्या इंजिनावर बनवली आहे, आणि दुरगुडे नावाचे एक गृहस्थ ती घेण्यासाठी मध्यस्थामार्फत निरोप पाठवत होते. गोष्ट लिहून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्वतः फोन लावला. ती पडद्यावरच्यासारखी उडत नाही, रस्त्यावर मात्र नीट चालते, हे आधी सांगितले. मग लोखंडाचे किती, इंजिनाचे किती आणि माझ्या हातांचे किती ते सांगितले. हातांचा आकडा मी कमी केला नाही. फोन कानाला धरून त्यांच्या उत्तराची वाट पाहत उभा राहिलो.