सगूने झोप देऊन टाकली

जाईच्या मळ्यांचं एक इवलंसं गाव होतं. तिथल्या वाऱ्यालासुद्धा अत्तराचा वास यायचा. पाहुणे म्हणायचे, किती भाग्याची माणसं! पण जाईची कळी उमलायच्या आत खुडावी लागते. उमललेलं फूल बाजारात कुणी हातात धरत नाही. म्हणून नऊ वर्षांची सगुणा, आईची सगू, आभाळात चांदण्या असतानाच उठायची. आईबरोबर गार गार पानांतून इवल्या कळ्या शोधायची. दवाने परकर भिजायचा, बोटं गारठायची. टोपली भरली की तशीच शाळेत.

शाळेत दुसऱ्या तासालाच तिची मान कलायची.

"आली बघा पेंगूराणी," वर्गातली हौसा म्हणायची. "हिला पाटीऐवजी उशी द्या."

"घरी झोपत नाहीस का गं? आळशी कुठली," साठे बाई करवादायच्या.

सगूच्या शेजारी कुणीच बसत नसे. झोपाळूपणा लागतो म्हणे, खरजेसारखा. सगूला स्वतःलाही वाटे, सगळे म्हणतात त्याअर्थी आपण आळशीच असू.

एका दुपारी बाईंनी तिला बाहेर पाठवलं. "तोंड धू, आणि झोप उडाल्याशिवाय वर्गात येऊ नकोस."

शाळेमागच्या बागेत, बकुळीखाली सगू एकटीच बसली. तेवढ्यात बारीकसा आवाज आला, "अगं, जरा इकडे बघतेस का?"

गजऱ्याच्या तुटक्या दोऱ्यात बोटाएवढी परी अडकली होती. जांभळे-रुपेरी पंख, अंगात तिन्हीसांजेच्या आभाळाचा झगा. सगूने एकेक गाठ हळुवार सोडवली, पंखाला जराही न दुखवता.

"मी निंदरपरी," ती पंख झटकत म्हणाली. "तुझ्या दोन इच्छा पुऱ्या करीन. पण नियम ऐक. झोप मला घडवता येत नाही. एकाची घ्यायची आणि दुसऱ्याला द्यायची, एवढंच येतं."

"मग माझी घेऊन जा. सगळीच. मी पेंगले नाही, तर कुणीतरी माझ्याशेजारी बसेल."

परी जरा घुटमळली. पण इच्छा ती इच्छा. सगूच्या पापण्यांवरून तिने निळसर, कापसासारखं काहीतरी उचललं आणि चिमुकल्या बटव्यात भरलं.

त्या दिवसापासून सगूची मान कलली नाही. पण पाटीवरची अक्षरं मुंग्यांसारखी पळू लागली. पाठ असलेला पाढा आठवेना. हौसा नुसती हसली तरी सगू खेकसायची आणि मग उगीचच रडायची. शेजारी येणं राहिलं बाजूला, मुलं आणखीच लांब सरकली. रात्री सारं गाव निजायचं. आई निजायची, कुत्रीसुद्धा निजायची. सगू आढ्याकडे बघत पडून राहायची. एवढी मोठी रात्र, आणि तिच्यात जागी एकच मुलगी.

आठव्या दिवशी ती बकुळीखाली गेली. "परीताई, माझी झोप परत दे ना."

"देते. पण ती मी साठे बाईंच्या तान्ह्या बाळाला दिली आहे. महिनाभर रात्र रात्र रडत होतं बिचारं. आता निजतं. काढून आणू?"

सगूने मान हलवली. "नको. बाळ आहे ते."

"मग दुसऱ्या कुणाची आणू?"

"कुणाचीच नको." मग ती हळूच म्हणाली, "तू थोडा वेळ माझ्याजवळ बसशील? हीच माझी दुसरी इच्छा."

परीचे डोळे दवबिंदूंसारखे चमकले. "लोक माझ्याकडे काय काय मागतात गं. पण बस म्हणून कुणी म्हटलं नव्हतं." ती सगूच्या खांद्यावर बसली. "बसते. पण माझी जागा एखाद्या माणसाने घेतली की मला जावं लागेल. जाताना माझी स्वतःची झोप तुला देऊन जाईन. ती कुणाकडून हिरावलेली नाही."

इतक्यात साठे बाई सगूला शोधत आल्या, तशी परी बकुळीच्या पानांत लपली. बाळ निजू लागल्यापासून बाईंचीही झोप होत होती, आणि झोप झालेल्या माणसाला दुसऱ्याचे डोळे दिसतात. सगूचे सुजलेले, लालभडक डोळे त्यांना आज पहिल्यांदा दिसले. बाई रागावल्या नाहीत. तिच्याशेजारी मातीतच बसल्या.

"सगू, सकाळी उठतेस किती वाजता गं तू?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"कोंबड्याच्या आधी, बाई. नाहीतर कळ्या उमलतात."

बाईंनी सगूचा हात हातात घेतला.

"अगं, म्हणजे तू आळशी नाहीस. दमलेली आहेस. महिनाभर मला झोप नव्हती, तर मी तुमच्या सगळ्यांवर ओरडत सुटले होते. आणि तू तर रोजच अशी येतेस. माझं चुकलं, बाळा. उद्यापासून तुझ्या वाटची ओळ आम्ही मोठी माणसं खुडू. पहिली मी येईन. तुझ्या आईशी आजच बोलते."

सगूला काहीतरी म्हणायचं होतं, पण तिच्या पापण्यांवर कापसासारखं काहीतरी उतरलं आणि तिचं डोकं आपोआप बाईंच्या खांद्यावर टेकलं. वर्गातून बोलवायला आलेल्या हौसाला बाईंनी ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. हौसा दोन पावलं मागे गेली, थांबली, आणि मग सगूच्या दुसऱ्या बाजूला येऊन अलगद बसली.

त्याच क्षणी बकुळीतून जांभळा, रुपेरी, सोनेरी उजेड झरझर सांडला. पानापानावर चमचमला, तिघींच्या केसांवर लुकलुकला आणि परीला घेऊन आभाळात विरून गेला.

सगूने तो पाहिला नाही. ती गाढ झोपली होती.